जळाले, पण गेले कोठे?

२ जानेवारी २०२५ च्या पहाटे भोपाळहून निघालेले बारा बंद कंटेनर पीथमपूरच्या औद्योगिक वसाहतीत शिरले. अडीचशे किलोमीटरचा रस्ता त्यांच्यासाठी मोकळा ठेवला होता आणि मागेपुढे पोलिसांच्या गाड्या होत्या. आत होता युनियन कार्बाइडच्या आवारात चाळीस वर्षे पडून राहिलेला ३३७ टन कचरा. तो चार आठवड्यांत हलवा, असा आदेश मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०२४ रोजी दिला होता. ३ जानेवारीला पीथमपूर बंद झाले. दुकाने मिटली, रस्ते अडवले गेले, आणि दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. दोघेही भाजले.

त्या आठवड्यात तारपुरा गावची एक बाई मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आली. जिथे हा कचरा जाळायचा ती भट्टी तिच्या गावाला लागून आहे. मुलाला साधी सर्दी होती. औषधाची पुडी हातात घेतल्यावर तिने विचारले, “डॉक्टरसाब, धुआँ दिखेगा क्या?” मी म्हणालो, चिमणीतून जे बाहेर पडेल त्यातले बहुतेक डोळ्यांना दिसणार नाही. उत्तर शास्त्राला धरून होते, पण डॉक्टर म्हणून वाईट होते. ती आली त्यापेक्षा अधिक घाबरून परत गेली. तिचा प्रश्न मात्र माझ्याजवळच राहिला, आणि हा लेख त्या प्रश्नाचाच आहे.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत दहा-दहा टनांच्या तीन चाचण्या झाल्या. पहिली ताशी १३५ किलोच्या वेगाने, दुसरी १८०, तिसरी २७०. उरलेला ३०७ टन कचरा ५ मेपासून ताशी २७० किलोने जाळायला घेतला, आणि जून संपता संपता तो संपला. चिमणीतले वायू ठरलेल्या मर्यादेत होते असे प्रदूषण नियंत्रण मंडळाने सांगितले. वर्तमानपत्रांनी मथळे दिले, ‘कचरा नष्ट’. या कचऱ्याच्या विषारीपणाचा वाद मी इथे घेत नाही. तो वेगळा विषय आहे, आणि १९८४ च्या डिसेंबरातली ती रात्र ज्यांनी भोपाळात काढली त्यांच्यापुढे त्यावर सहज बोलण्याचा अधिकार मला नाही. मला अडखळायला होते ते ‘नष्ट’ या शब्दापाशी.

कारण जी राख उरली तिचे वजन मूळ कचऱ्याहून जास्त भरले. जाळताना चुना आणि इतर पदार्थ मिसळावे लागतात, त्यामुळे तसे होते. राख आता पुरायची, आणि कुठे पुरायची यावर पुन्हा वाद. म्हणजे ३३७ टन जाळून आपल्या हाती त्याहून जड काहीतरी आले, आणि जे वर गेले त्याची मोजदाद वेगळीच. आम्हा जैनांच्या घरात लहानपणी पाठ करून घेतलेली एक गोष्ट असते. द्रव्य नष्ट होत नाही, पर्याय बदलतो. उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य ही तिन्ही एकाच वेळी. अठराव्या शतकात लाव्हाझिएने तराजू घेऊन हेच ज्वलनाच्या बाबतीत सिद्ध केले. पण घरातली शिकवण आणि शाळेतले रसायनशास्त्र दोन्ही असूनही ‘जळाले म्हणजे गेले’ ही समजूत आपल्या मनातून जात नाही. चितेपासून कचऱ्याच्या ढिगापर्यंत आपली सगळी भाषाच तशी आहे.

आता एक साधा हिशोब करू. एक लिटर डिझेलचे वजन साधारण ८३० ग्रॅम. त्यातला ८६ टक्के भाग कार्बन, म्हणजे सुमारे ७१५ ग्रॅम. इंजिनात जळताना कार्बनचा प्रत्येक अणू हवेतल्या प्राणवायूचे दोन अणू पकडतो. कार्बनचे वजन १२ धरले तर तयार होणाऱ्या वायूचे ४४. म्हणून ८३० ग्रॅमच्या डिझेलमधून अडीच किलोहून अधिक, नेमके म्हणायचे तर २.६ किलोच्या आसपास, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जुन्या मराठी पुस्तकांत त्याला कर्बवायू म्हणत. मीही तेच म्हणेन. त्याला रंग नाही, वास नाही. तारपुऱ्याच्या बाईला तो कधीच दिसणार नव्हता. आणि तुमच्या दारातली गाडी तो रोज सोडते आहे.

या अदृश्य वायूच्या शोधाची कथा दोनशे वर्षांची आहे. १८२४ मध्ये फ्रान्सच्या फूरिएने विचारले, सूर्यापासून इतक्या अंतरावरची पृथ्वी हिशोबाप्रमाणे गोठलेली असायला हवी, ती उबदार कशी? वातावरण उष्णता अडवून धरत असावे, असे त्याने सुचविले. १८५६ मध्ये अमेरिकेतल्या युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळ्यांत निरनिराळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या. कर्बवायूची नळी सर्वांत जास्त तापली, आणि सावलीत आणल्यावर निवायलाही तिला सर्वांत जास्त वेळ लागला. अशा वायूचे वातावरण असेल तर पृथ्वी अधिक तापेल, हेही बाईंनी लिहून ठेवले. विद्वत्सभेत त्यांचा निबंध एका पुरुषाने वाचला आणि नंतर दीडशे वर्षे तो कोणी उघडला नाही. (त्यानंतर वर्षभराने धारच्या किल्ल्याला इंग्रजांचा वेढा पडला होता. आपल्या शाळेच्या इतिहासात तेवढेच आले.) १८५९ मध्ये टिंडलने प्रयोगशाळेत दाखविले की नत्र आणि प्राणवायू उष्णतेच्या किरणांना जवळपास आरपार जाऊ देतात, अडवितात ती पाण्याची वाफ आणि कर्बवायू. १८९६ मध्ये स्वीडनच्या अऱ्हेनियसने हाताने आकडेमोड करून सांगितले की हवेतला कर्बवायू दुप्पट झाला तर पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल. आजच्या हिशोबाने तो आकडा थोडा जास्त आहे, पण दिशा चुकलेली नव्हती. दुप्पट व्हायला हजारो वर्षे लागतील असे मात्र त्याला वाटले होते, आणि थंड देशातल्या माणसाला त्यात आनंदच होता.

कारखाने सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत २८० भाग कर्बवायू होता. १९५८ मध्ये कीलिंगने हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू केली तेव्हा तो ३१५ च्या आसपास होता. २०२४ ची जागतिक सरासरी ४२४ च्या जवळ गेली. लोक मला विचारतात, दहा हजारांत चार भाग, एवढ्याशा मात्रेने काय होणार? हा प्रश्न माझ्या धंद्याला फार ओळखीचा आहे. चाळीस वर्षे तो मी दवाखान्यात ऐकतो आहे. पण इथे मला सावध राहिले पाहिजे. कर्बवायूचा दाखला मी माझ्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांच्या समर्थनासाठी देत नाही, कोणी देऊही नये. हा वायू थोडा असला तरी मोजता येतो, प्रत्येक रेणू किती उष्णता शोषतो तेही मोजता येते. मात्रा कमी असणे आणि मात्रा नसणे यात फरक आहे, आणि या बाबतीत मात्रा आहे.

हा वाढलेला कर्बवायू जळलेल्या कोळसा-तेलाचाच कशावरून? वैद्याला निदान हवे असते. १९५५ मध्ये हान्स झ्यूस याने झाडांच्या वर्तुळांत ते शोधले. जिवंत वनस्पतीच्या कार्बनमध्ये किरणोत्सारी कार्बन-१४ चा किंचित अंश असतो. तो हजारो वर्षांत झिजत जातो, आणि कोट्यवधी वर्षांच्या कोळशात तो शिल्लकच नसतो. हवेतला कार्बन-१४ चा वाटा पातळ होत चालला होता, जणू दुधात पाणी. ते पाणी म्हणजे जमिनीखालचा जुना कार्बन.

इथून मी धारकडे येतो, कारण जुन्या आणि नव्या कार्बनचा फरक धारइतका चांगला मला दुसरीकडे दिसलेला नाही. लाट मशिदीच्या आवारात एक लोखंडी स्तंभ तीन तुकड्यांत पडलेला आहे. अखंड होता तेव्हा तो तेरा मीटरहून उंच असावा, दिल्लीच्या प्रसिद्ध स्तंभापेक्षा मोठा. वजन सुमारे सात टन. दिल्लीचा पाहायला लोक जातात. धारचा कोणी विचारत नाही. एवढे लोखंड त्या काळी लाकडी कोळशावरच वितळवून, ठोकून जोडले गेले असणार, आणि लोखंडाच्या कित्येक पट वजनाचा कोळसा त्यासाठी लागतो. म्हणजे माळव्याचे एक जंगल त्या स्तंभात आहे. तरीही त्या धुराने पृथ्वी तापली नाही. तोडलेल्या जागी पुन्हा झाड उगवले तर त्याने तोच कार्बन चाळीस-पन्नास वर्षांत परत घेतला. लाकडाचा कर्बवायू ही उसनवारी आहे, फेडता येते. दगडी कोळशाची गोष्ट निराळी. भारतातला बराचसा दगडी कोळसा पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलींतला. तो जमिनीत गाडला गेला म्हणूनच हवेतून बाहेर पडला होता. त्याला परत काढून जाळणे म्हणजे फार जुनी ठेव मोडणे. ती भरायला कोणाकडे तेवढा वेळ नाही.

तो कोळसा माळव्याच्या पठारावर आला रेल्वेने. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० च्या सुमारास खांडवा-इंदूर मार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये दिले, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर. नर्मदेवर पूल झाला, पाताळपाणीच्या घाटात बोगदे झाले, आणि वाफेची इंजिने धापा टाकीत निमाडातून वर चढली. मराठी संस्थानिकाचा दूरदर्शीपणा म्हणून ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावीच. दुष्काळात धान्य येण्याची वाट त्याने उघडली. त्याच वाटेने इंदूरच्या गिरण्यांचा कोळसाही आला. सर सेठ हुकुमचंदांची गिरणी त्यातलीच.

हुकुमचंद जैन होते, म्हणून एक घरगुती विषय काढतो. श्रावकाने कोणते धंदे करू नयेत याची पंधरा नावांची यादी आमच्याकडे प्रतिक्रमणात म्हटली जाते. तिला कर्मादान म्हणतात. पहिलेच नाव इंगालकम्म, म्हणजे कोळसे पाडण्याचा धंदा. मग वन तोडणे. मग साडीकम्म, शकटकर्म, म्हणजे गाड्या तयार करणे व विकणे. मग त्या भाड्याने चालविणे. मग भूमी फोडणे, म्हणजे खाणी. पुढे रानाला वणवा लावणे, आणि तळी-सरोवरे आटवणे. आज हवामानाच्या अहवालांत उत्सर्जनाचे जे भाग पाडतात ते आणि ही यादी शेजारी ठेवली तर माणूस थबकतो. पण ‘आमच्या शास्त्रांत हे सगळे होतेच’ म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. यादी करणाऱ्यांना कर्बवायू माहीत नव्हता. त्यांची चिंता त्या धंद्यांत मरणाऱ्या जीवांची होती. अग्नी आणि वायू यांनाही ते जीवच मानीत. आणि इतिहास असा की, यादी रोज म्हणत म्हणतच आपला समाज गिरण्या, खाणी आणि ट्रान्सपोर्टमध्ये गेला. सावकारीची रक्कम कोणत्या भट्टीत जाते हे विचारण्याची कलमे यादीत नव्हती.

माझे आजोबा नगर जिल्ह्यातून धारला आले आणि त्यांनी लाकूड-कोळशाची वखार घातली. एका चातुर्मासात साध्वीजींचे व्याख्यान ऐकून त्यांनी इंगालकम्माचा त्याग घेतला आणि वखार बंद केली. घरात ही कथा फार मोठी करून सांगतात. तिच्याकडे मी शेवटी येईन.

नगरचेच आणखी दोन जैन बंधू माळव्याच्या इतिहासात आले, वखारीपेक्षा पुष्कळ मोठ्या कामासाठी. नवलमल फिरोदिया स्वातंत्र्यसैनिक, वकिलीचे शिक्षण घेतलेले. माणसाने माणसाला ओढावे हे त्यांना सहन होत नसे, आणि तीनचाकी ऑटोरिक्षा या देशात आणण्यामागे ते एक कारण होते असे सांगितले जाते. १९५८ मध्ये बजाज टेम्पो उभी राहिली. धाकटे हस्तीमल यांनी कायनेटिक काढली, जिची लूना सगळ्यांनी चालवली. १९८० च्या दशकात धार जिल्ह्यात, महूच्या पुढे, माळरानावर पीथमपूरची औद्योगिक वसाहत आखली गेली तेव्हा दोन्ही घरांचे कारखाने तिथे आले. १९८४ मध्ये, म्हणजे भोपाळच्या त्याच वर्षी, कायनेटिकचा जपानच्या होंडाशी करार झाला. आयशरने मित्सुबिशीशी १९८२ मध्ये हात मिळविले आणि १९८६ मध्ये पीथमपुरातून कॅन्टर ट्रक बाहेर पडू लागले. बजाज टेम्पोची ट्रॅव्हलर इथलीच. हिंदुस्तान मोटर्सचा इंजिनांचा कारखानाही इथेच होता. वर्तमानपत्रे पीथमपूरला भारताचे डेट्रॉइट म्हणू लागली. ज्यांनी डेट्रॉइटचे पुढचे हाल वाचले आहेत ते आता ही उपमा जपून वापरतात.

मी माणसे म्हणून सांगतो, ते सोन्याचे दिवस होते. धार, धरमपुरी, मनावरकडची पोरे शेतमजुरी सोडून आयटीआयला गेली. खानदेश-विदर्भातून मराठी फोरमन आले. गणपती बसू लागला. मी स्वतः पहिली नवी गाडी घेतली ती कायनेटिक होंडा. बटण दाबले की सुरू, गिअर नाही. रात्री-बेरात्री व्हिजिटला जाणाऱ्या डॉक्टरला आणखी काय हवे? दोन स्ट्रोकचे इंजिन पेट्रोलबरोबर तेलही जाळी आणि मागे निळसर धूर सोडी. तो धूर मला प्रगतीचा वाटे.

पुढे त्या धुरावर कायदा आला. १९८९ पासून गाड्यांच्या धुराला मर्यादा लागल्या, १९९१-९२ मध्ये त्या वाढल्या, २००० पासून भारत स्टेजच्या पायऱ्या सुरू झाल्या. १ एप्रिल २०२० ला आपण चौथ्या पायरीवरून पाचवी गाळून थेट सहाव्या पायरीवर उडी मारली. डिझेलमधले गंधक दहा लाखांत ५० भागांवरून १० वर आले. ट्रकला काजळीची गाळणी बसली, नत्राचे ऑक्साइड मारायला युरियाच्या पाण्याची वेगळी टाकी आली. हे सगळे अभियांत्रिकीचे कौतुकाचे काम आहे, आणि त्यातले पुष्कळ पीथमपुरात झाले. आयशर आणि व्होल्वोच्या इथल्या इंजिन कारखान्यातून युरोपच्या कठोर नियमांना उतरणारी इंजिने निर्यात होतात. फुफ्फुसे वाचली, यात मला काडीची शंका नाही.

पण या नियमांनी कशाची मर्यादा घातली ते पाहा. कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेले इंधन, नत्राचे ऑक्साइड, काजळी. कर्बवायूची नाही. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर करतो काय, तर विषारी मोनॉक्साइडला आणखी एक प्राणवायू चिकटवून त्याचा कर्बवायू करतो. म्हणजे गाडी जितकी स्वच्छ जळेल तितका जास्त कार्बन त्या अदृश्य रूपात बाहेर जाईल. ‘प्रदूषण नियंत्रणात’ असे छापलेला पीयूसीचा कागद तुमच्या गाडीत असेल. कर्बवायू किती सोडायचा याची मर्यादा त्यावर नाही. मोटारींसाठी सरासरी इंधनवापराचे नियम २०१७ नंतर लागू झाले, तेवढाच काय तो लगाम. दिसणारा धूर आणि न दिसणारा धूर, या दोघांत कायद्याने पहिला पकडला. माणूस तरी दुसरे काय करतो?

त्यात आणखी एक गुंता आहे. गंधकाच्या धुराचे बारीक कण सूर्यप्रकाश परतवतात, म्हणजे थोडी सावली धरतात. तमिळनाडूतून अमेरिकेत गेलेल्या रामनाथन यांनी १९९९ मध्ये हिंदी महासागरावरच्या मोहिमेत हा तपकिरी ढग मोजून दाखविला. (१९७५ मध्ये फ्रीजमधल्या वायूंचा एक रेणू कर्बवायूच्या हजारो रेणूंइतका तापवितो हे दाखविणारेही तेच.) हवा स्वच्छ करू तसतशी ती सावली जाते आणि खालचा ताप उघडा पडतो. म्हणून काय हवा घाण ठेवायची? पॅरासिटामॉलने ताप दबला म्हणून आजार गेला असे कोणी म्हणत नाही, आणि आजार लपू नये म्हणून रोग्याला विषही देत नाही. दोन्हींवर एकदम उपचार करावे लागतात.

आता भोपाळच्या कचऱ्याचा हिशोब पुरा करू. ३३७ टन सगळाच्या सगळा शुद्ध कार्बन होता असे धरले, जे खरे नाही, तरी त्यातून जास्तीत जास्त १,२३६ टन कर्बवायू निघेल. मोठा ट्रक लिटरला चार किलोमीटर जातो आणि वर्षाला ऐंशी हजार किलोमीटर चालतो असे धरा. वीस हजार लिटर डिझेल, म्हणजे ५२ टन कर्बवायू. भागाकार करा: चोवीस ट्रक, एक वर्ष. माझ्या दवाखान्याच्या पायरीवरून सकाळी पाऊण तासात त्याहून जास्त ट्रक दिसतात. कचऱ्याची भीती खोटी होती असे यातून निघत नाही. ती भीती वेगळ्या विषाची होती आणि तिला इतिहास होता. पण एका चिमणीसाठी पीथमपूर पेटले आणि त्या चोवीस ट्रकांसाठी आम्ही पूजा करून नारळ फोडतो, हेही खरे.

देवासची बाजू थोडी वेगळी आहे. तिथे नोटा छापतात, आणि तिथे किर्लोस्करांचा पंपांचा कारखाना आहे. पावलोपावली पाणी असलेला प्रदेश अशी माळव्याची ख्याती. त्याच माळव्यातल्या देवासला १९९० च्या उन्हाळ्यात इंदूरहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तळी बुजली, नळकूप खोल खोल गेले, विजेचे पंप गहू-सोयाबीनसाठी रात्रंदिवस चालले. वीज कोळशाची. कर्मादानांतले पहिले आणि सरोवर आटवण्याचे, दोन्ही एकाच तारेने जोडलेले. २००६ नंतर तिथले जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना कर्ज काढून स्वतःच्या शेतात तळी खोदायला लावली. हजारो तळी झाली, आणि ती कामास आली. देवासजवळच्या जामगोदरानीच्या टेकड्यांवर पवनचक्क्याही १९९० च्या दशकात उभ्या राहिल्या. त्या रस्त्याने जाताना मुले अजून मोजतात.

एक आक्षेप नेहमी येतो, आणि तोही धारमधूनच. ‘पृथ्वी पूर्वीही तापली होती.’ तापली होती. आपली काळी माती ज्या लाव्ह्याची झाली, ते ज्वालामुखी साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भडकले आणि त्यांनीही कर्बवायू ओकला. त्याच काळातली डायनोसॉरची अंडी बाग परिसरात सापडतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात धार जिल्ह्यातली ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदली आहेत. काही गावांत लोक त्या गोल दगडांना भैरव म्हणून पुजत आले. पण ते उद्रेक लाखो वर्षे चालले होते. आपण ते काम पिढ्यांत करतो आहोत.

आणि दोष कोणाचा? जग वर्षाला सुमारे ३७ अब्ज टन कर्बवायू इंधनांतून सोडते. भारताचा वाटा सुमारे तीन अब्ज. माणशी दोन-सव्वादोन टन. अमेरिकेत माणशी चौदाच्या आसपास. आजवर साचलेल्यापैकी चतुर्थांश एकट्या अमेरिकेचा आहे, आपला तीन-साडेतीन टक्के. हा हिशोब आंतरराष्ट्रीय बैठकांत मांडलाच पाहिजे. फक्त वाढलेले ऊन तो हिशोब वाचून पडत नाही. हरितगृह वायूंची एक खूण अशी की जगभर रात्री दिवसांपेक्षा अधिक वेगाने तापल्या, कारण दिवसाची उष्णता रात्री सुटायची ती अडते. माळव्याची जुनी ख्याती ‘शब-ए-मालवा’ची, थंड रात्रींची. लहानपणी मे महिन्यात धारच्या गच्चीवर आम्ही पहाटे गोधडी ओढून घेत असू. आता कूलर लावून खाली झोपतो. माझी आठवण पुरावा नव्हे. गच्चीच्या भोवती सिमेंटही वाढले आहे. पण आठवण आहे.

पीथमपुरात नॅट्रॅक्सची ११.३ किलोमीटरची लंबवर्तुळाकार धावपट्टी आहे. २०२१ मध्ये प्रकाश जावडेकरांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. तिथे आता विजेवरच्या गाड्याही धावतात. त्यांची वीज आज बरीचशी कोळशाचीच आहे. खांडव्याजवळचे २,५२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र, निमाडच्या गवळी संत सिंगाजींचे नाव लावून, दगडी कोळसा जाळते. तरी रीव्याला ७५० मेगावॉटचे सौर केंद्र झाले आहे, ओंकारेश्वरच्या पाण्यावर सौरपट्ट्या तरंगू लागल्या आहेत, आणि चित्र वर्षागणिक बदलते आहे.

माझा मुलगा पीथमपुरात डिझेल इंजिनाचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात आहे. मागच्या दिवाळीत तो म्हणाला, “बाबा, इलेक्ट्रिक ट्रकला आमचा पार्ट लागतच नाही.” त्याच्या लाइनवर शंभरावर माणसे आहेत, त्यातली काही तारपुऱ्याची. मग त्याने विचारले, आजोबांनी वखार बंद केली तेव्हा वखारीतल्या माणसांचे काय झाले? आमच्या घरच्या कथेत ते कधीच आलेले नाही. मी जुनी वही काढून पाहिली. हमाल चार होते. शेवटच्या पानावर त्यांच्या नावापुढे दोन-दोन महिन्यांचा पगार मांडला आहे, आणि त्याच तारखेला आजीच्या पाटल्या सराफाकडे गेल्याची नोंद आहे.